सुलतानची पहिली स्पर्धा

चि. आदित्य,
अनेक आशीर्वाद.

फोनवर काही सांगायला घेतलं की तू ‘हो गं आई’ म्हणून मोकळा होतोस, म्हणून लिहितेय. घोडीचे दिवस भरलेत, ती कधीही वील. त्यामुळे रविवारी सुलतानच्या अडथळे उडायच्या स्पर्धेला मला मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर येता येणार नाही.

आपला घोडा आता पाच वर्षांचा आहे आणि त्याने आजवर गर्दी पाहिली ती फक्त रेसची. तिसऱ्या वर्षी पुण्याच्या पावसाळी हंगामात थोडाफार पळाला, तेवढंच. पांढरे कठडे, लाउडस्पीकर, माणसांचा गलका, या सगळ्याचा त्याच्या लेखी एकच अर्थ आहे: सुटायचं. आणि तू त्याला रेसकोर्सच्याच आवारात घेऊन चाललायस! तिथे तो नाचायला लागला तर ‘एवढं शिकवलं ते पाण्यात गेलं’ असं समजू नकोस. त्याला आपल्याआधी दुसऱ्यांनी शिकवलेलं आठवतंय. रेसचा घोडा आवळलेल्या लगामावर भार टाकूनच जोर लावायला शिकलेला असतो, म्हणजे तू जितका ओढशील तितका तो पळेल. लगाम घे, सोड, परत घे. मोठी वर्तुळं काढ. पाय त्याच्या अंगाला लागलेले राहू देत. घाबरलेला स्वार टाचा दूर नेतो, आणि मग नुसता एक चुकून लागलेला पायसुद्धा घोड्याला चटका बसल्यासारखा वाटतो.

शनिवारी दुपारपर्यंत पोचा. खंडाळ्याच्या घाटात ड्रायव्हरला घाई करू देऊ नकोस. वळणावळणाला चारही पाय रोवून तोल सांभाळत घोडा उभा असतो, आणि पोचायच्या आधीच दमतो. दोरी आखूड बांधू नकोस. मान खाली घालता आली नाही की श्वासनलिकेतली घाण निचरत नाही, आत उतरते, आणि प्रवासानंतरचा ताप बहुधा तिथूनच सुरू होतो. घाट उतरल्यावर थांबा, इंजिन बंद करा, दोरी सैल सोडा. ट्रकमधून खाली मात्र काढू नका.

पाण्याचे दोन ड्रम घरचे न्या. मुंबईच्या नळाला क्लोरीनचा वास आला की हा पठ्ठ्या तोंड लावणार नाही. आजपासूनच बादलीत थोडा गूळ विरघळवायला मी मोतद्दारकाकांना सांगितलंय, म्हणजे तिथलं पाणीही त्या चवीवर खपेल. स्पर्धेच्या सकाळी चंदी, म्हणजे दाणा, लवकर आणि कमी, पण गवत बंद करायचं नाही. घोड्याच्या पोटात आम्ल चोवीस तास तयार होतं, रिकाम्या पोटी ते जठर सोलून काढतं. सुलतानचा पासपोर्ट आणि ग्लँडर्सचा (घोड्यांचा संसर्गजन्य रोग) निगेटिव्ह रिपोर्ट निळ्या फायलीत आहे. ती फाईल ट्रकमध्ये नको, तुझ्या हातात ठेव.

शनिवारी संध्याकाळी खोगीर घालूच नकोस. नुसता बागडोरीवर हिंडव. लोकलचा भोंगा ऐकू दे, दुसरे घोडे बघू दे, फुरफुरू दे. कान एका जागी खिळले, मान ताठ झाली, की उभा राहा आणि वाट बघ. जबडा हलवून चाटल्यासारखं करेल, मग पुढे चल.

आता रविवार. घरी तो मीटरभर आरामात उडतो, तरी 80 सेंटिमीटरच्या वर्गातच नाव दिलंय. तू धुसफुसलास ते काकांनी सांगितलं मला. पायी कोर्स बघताना निळं काय आहे ते शोध. घोड्याला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, पण निळं ठळक दिसतं, आणि काठीखाली निळी ताडपत्री पसरलेला खोटा पाणवठा त्याने कधी पाहिलेला नाही. अडथळ्यासमोर उभं करून दाखवणं नियमात बसत नाही, बाद करतात. पण घंटा झाल्यावर सुरुवात करायला 45 सेकंद मिळतात, तेवढ्यात त्या ताडपत्रीच्या शेजारून दुडक्या चालीने सहज नेता येईल. आत गेल्यावर बाहेरच्या फाटकाकडे तोंड असलं की तो वेग घेईल, पाठ असली की रेंगाळेल. घरी दोन अडथळ्यांत जिथे पाच ढांगा बसतात तिथे सहा होतील, कारण इकडेतिकडे बघत धावणारा घोडा ढांग आखूड टाकतो. होऊ देत सहा. पाचच बसवायच्या म्हणून लांबून उडवलंस तर काठी छातीवर घेईल, आणि ते तो कितीतरी महिने विसरणार नाही. काठी पडली तर चार दंडगुण, जाऊ देत.

आणि वॉर्म-अपमध्येच तो घामाने निथळत असेल, डोळे पांढरे करत असेल, तर आत जाऊ नकोस. सरळ नाव काढून घे. एंट्रीचे पैसे मी भरलेत, त्याने उडी मारून फेडायचे नाहीत. पुढच्या महिन्यात परत नेऊ.

मामा येणार आहे आणि सोबत त्याचे मित्र. ढोल आणू नकोस म्हटलं तर नुसता हसला, म्हणजे आणणार. त्याला गेटवरच अडव, माझं नाव सांग.

परत आल्यावर सोमवारी सुलतानला पूर्ण सुट्टी. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ताप बघ. 38.5 अंश सेल्सियसच्या वर गेला किंवा गवत टाकलं, तर रात्री कितीही वाजले तरी मला उठव.

तुझी,
आई