सीआरपी ‘पॉझिटिव्ह’ नको, आकडा हवा

मा. आरोग्यमंत्री, मध्य प्रदेश शासन, भोपाळ

महोदय, स. न.

देपालपूर, सांवेर किंवा थेट झाबुआहून अपेंडिक्सचा पेशंट रात्री इंदूरला पोचतो, तेव्हा अपेंडिक्स आहे का एवढंच बघायचं नसतं. ते सडलंय का, फुटलंय का, यावर ऑपरेशन आत्ता की सकाळी हे ठरतं. रात्री सोनोग्राफी सगळीकडे होत नाही, रक्त मात्र कुठेही काढता येतं. आणि रेफरल चिठ्ठीवर काय लिहून येतं? ‘सीआरपी पॉझिटिव्ह’. (सीआरपी म्हणजे शरीरात सूज किंवा जंतुसंसर्ग झाला की रक्तात वाढणारं प्रथिन.)

स्लाइडवरच्या लॅटेक्स चाचणीत सीरम (रक्तातल्या पेशी वगळून उरणारा द्रव) लॅटेक्सच्या बारीक कणांत मिसळतात; सीआरपी लिटरला साधारण 6 मिलिग्रॅमच्या वर गेला की दाणे धरतात. मग तो 8 असो की 180, उत्तर एकच. अपेंडिक्सची शक्यता गुणांनी मोजणाऱ्या, 2008 साली आलेल्या एआयआर स्कोअरमध्ये सीआरपी 10 ते 49 ला एक गुण, 50 पासून पुढे दोन. तो हिशेब ‘पॉझिटिव्ह’वरून मांडायचा कसा? शिवाय सीआरपी फारच चढला असेल, तर पातळ न केलेल्या सीरममध्ये दाणे धरतच नाहीत असंही होतं (प्रोझोन). म्हणजे सर्वांत आजारी माणसावर ‘निगेटिव्ह’चा शिक्का!

आकडा देणारं यंत्र येईपर्यंत आहे त्याच किटवर भागतं. सीरम सलाइनमध्ये 2, 4, 8, 16 पट पातळ करून प्रत्येकाची चाचणी घ्यायची. शेवटचे दाणे 16 पटीला दिसले, तर 16 गुणिले 6, अंदाजे 96. दोन मिनिटांतच वाचायचं. स्लाइड सुकू लागली की खोटे दाणे दिसतात. यात लॅटेक्स पाचपट लागतं, म्हणूनच टाळाटाळ होते. किटचा पुरवठा त्या हिशेबाने वाढवावा.

बिलिरुबिन (काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य) 1 च्या वर गेलं की अपेंडिक्स फुटल्याचा संशय वाढतो: जंतूंचं विष पोर्टल शिरेतून यकृतात जातं आणि पित्ताचा निचरा मंदावतो. पण झाबुआ-अलीराजपूर पट्ट्यात सिकल सेल (तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार) आहे. तिथे बिलिरुबिन एरवीही चढलेलं असतं आणि सिकलच्या झटक्यात पोटही दुखतं. तेव्हा टोटलसोबत डायरेक्ट (यकृतात प्रक्रिया झालेलं) बिलिरुबिन हवंच, आणि सिकलची तपासणी झाली आहे का याची नोंदही. सोडियम 135 च्या खाली असेल तरी सावध व्हावं. मात्र ड्रिप लावलेल्या हातातून काढलेल्या रक्ताचा भरवसा नाही.

एवढं सगळं दुखण्याच्या वेळेशिवाय फुकट. पहिले बारा तास सीआरपी नॉर्मल असू शकतो, पांढऱ्या पेशी त्याआधी वाढतात. म्हणून चिठ्ठीवर छापील रकाने हवेत: दुखणं किती वाजता सुरू झालं, रक्त किती वाजता काढलं, पांढऱ्या पेशी, न्यूट्रोफिल टक्के, बिलिरुबिन, सोडियम, आणि सीआरपी एककासह. डेसिलिटरला 9 म्हणजे लिटरला 90. एकक गाळलं की घोळ ठरलेला. वेदनाशामक किंवा अँटिबायोटिक दिलं असेल तर तेही.

पोट लाकडासारखं कडक लागत असेल, तर यातल्या कशासाठीही 108 अ‍ॅम्ब्युलन्स थांबवू नये. पेशंट निघू द्यावा, आकडे मागाहून फोनवर कळवावेत. त्यासाठी ड्युटीवरच्या सर्जनचा नंबर चिठ्ठीवरच छापावा.

आपले,
इंदूरमधील काही मराठी भाषक सर्जन, पॅथॉलॉजिस्ट आणि लॅब टेक्निशियन