पंप घेण्याआधी व्हॉल्व्ह बघा

महोदय,

थंडी पडली की वाईहून धोमच्या रस्त्याला सकाळी सायकली दिसू लागतात. त्यांत साठी ओलांडलेल्या माझ्यासारख्या बायकाही आता असतात, याचा मला फार आनंद आहे. पण वीस-पंचवीस हजारांची सायकल पारखून घेणारी माणसं हवा भरायचा पंप मात्र दुकानदार देईल तो घेतात. म्हणून हे पत्र.

गेल्या महिन्यात भाच्याबरोबर पसरणी घाट चढत होते. अर्ध्यावर त्याचं मागचं चाक बसलं. ट्यूब बदलली, पंप काढला, तर तो बसेचना. त्याच्या सायकलचा व्हॉल्व्ह, म्हणजे ट्यूबचं हवा भरायचं तोंड, बारीक, टोकाला छोटी पितळी चकती असलेला. ती आधी सैल करावी लागते. पंप मात्र मोटारसायकलच्या जाड व्हॉल्व्हचा! माझाही तसाच. नवा कोरा पंप देताना दुकानात कोणी व्हॉल्व्ह कुठला हे विचारलंच नव्हतं. सायकली हातात धरून आम्ही खाली उतरलो. जुन्या काळ्या सायकलींचा, आत रबरी नळी असलेला व्हॉल्व्ह आणखी तिसराच.

दुसरी गोष्ट पंपाच्या जाडीची. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, म्हणून हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. बारीक टायरात ८० पीएसआय (हे हवेच्या दाबाचं माप) हवा भरायची, तर आतून दर चौरस सेंटिमीटरला सुमारे साडेपाच किलोचा रेटा येतो. पंपाची नळी आतून २ सेंटिमीटर रुंद असेल, तर शेवटी शेवटी साधारण १८ किलो जोर लावावा लागतो. ३ सेंटिमीटर असेल तर ४० किलो. माझ्या हातांना तो झेपत नाही. उलट जाड टायरांच्या सायकलीला ३०-४० पीएसआय पुरतात, पण हवा खूप लागते. तिथे रुंद पंपच बरा, नाहीतर मारत बसा दोनशे-तीनशे झटके. आपल्या टायरला किती हवा लागते ते टायरच्या कडेलाच छापलेलं असतं.

आणि पंप व्हॉल्व्हला जोडायला छोटी रबरी नळी हवीच. पंपाचं तोंड थेट व्हॉल्व्हवर दाबायचं असेल, तर प्रत्येक झटक्याला व्हॉल्व्ह हलतो. माझी एक चांगली ट्यूब अशीच व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटली. तिथे ठिगळही बसत नाही.

दुकानदारांना माझी कळकळीची विनंती आहे. पंप कुठल्या व्हॉल्व्हला चालतो हे गिऱ्हाइकाला मराठीत समजावून सांगा, आणि तिन्ही प्रकारच्या व्हॉल्व्हची एकेक जुनी ट्यूब दुकानात टांगून ठेवा. पैसे देण्याआधी गिऱ्हाइकाला तिच्यावर पंप लावून बघू द्या.

एक निवृत्त शिक्षिका, वाई