भर दुपारी दिलेल्या खुर्चीबद्दल

प्रिय सिन्योरा आजी,

नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हा असा मायना. इटलीच्या टाचेतलं गालातिना गाव, सांता कातेरीना चर्चजवळचा बोळ, दाराला मण्यांचा पडदा. एवढ्या पत्त्यावर पत्र पोचत नाही, आणि पोचलं तरी तुम्हाला मराठी कुठे येतं? पण आभार मानायचे तर मला माझ्याच भाषेत जमतात.

जुलैतल्या त्या दिवशी माझ्या वहीत तीन गावं लिहिलेली होती. लेच्चेहून वीसेक किलोमीटरवरचं गालातिना, मग त्याच रुळावरची नार्दो आणि गाल्लीपोली. लग्नानंतर पहिल्यांदाच अख्खा दिवस एकटीचा मिळाला होता आणि तो मी एसटीसारखा गच्च भरून ठेवला होता.

सकाळ छान गेली. चर्चमध्ये शिरले आणि मान वरच राहिली. 15व्या शतकातली भित्तिचित्रं. भिंती, कमानी, छत, कुठे बोटभर जागा मोकळी नाही. बोटावरून आठवलं. 14व्या शतकाच्या अखेरीस हे चर्च बांधवून घेणाऱ्या रायमोंदेल्लो या सरदारानं म्हणे सिनाई पर्वतावर संत कातेरीनाच्या हाताचं चुंबन घेता घेता तिचं एक बोट चावून तोडलं आणि इकडे आणलं. दंतकथा म्हणतात ती हीच!

दुपारी चर्चचं दार लागलं, पाठोपाठ दुकानांची शटरं. गाडीला अजून बराच वेळ होता, ऊन मी म्हणत होतं, आणि मी एका पायरीवर सावलीच्या चिंचोळ्या पट्टीत पाय आखडून बसले. तुम्ही पडदा सारून पाहिलंत. ‘सोला?’ एकटीच? हा प्रश्न मला आयुष्यभर विचारला गेलाय, पण उत्तर ऐकून ‘ब्रावा’ म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच. आतून खुर्ची आणलीत, गार पाणी दिलंत, आणि वहीतल्या तीन गावांवर नजर टाकून एकच शब्द बोललात: कोंत्रोरा. दुपारची उलटी वेळ. या वेळी भुतं फिरतात, माणसानं घरात बसावं. मी पुण्याची. एक ते चारवरचे विनोद जन्मभर ऐकलेत, टळटळीत दुपारी पिंपळाखालून जायचं नसतं हेही ऐकलंय. वाद घालायला तोंडच नव्हतं.

सकाळी काय खाल्लं, विचारलंत. मी ऐटीत सांगितलं, पास्तिच्चोत्तो, दोन! गावात 1745 पासून होतो म्हणतात तो, आत कस्टर्ड, वरून खुसखुशीत. आणि वर, मी शाकाहारी आहे, हेही. तुम्ही ‘स्त्रुत्तो’ म्हणालात. मला कळेना. मग नाक वर करून तुम्ही डुकराचा असा काही आवाज काढलात की समोरच्या गॅलरीतून कुणीतरी हसलं. पारीत डुकराची चरबी! गेली ना माझी सत्तेचाळीस वर्षं वाया. पण तुम्ही इतक्या हसलात की मलाही हसू आवरेना.

प्रायश्चित्त म्हणून फ्रीसा. जवाचा दोनदा भाजलेला पाव, दगडासारखा. पाण्याच्या वाडग्यात बुडवून तुम्ही मोजलंत, उनो, दुए, त्रे... सातला बाहेर. अर्धा टोमॅटो त्यावर घासून त्याची साल तेवढी बाजूला टाकलीत, मीठ, ओरेगानो आणि मग तेल, हात आखडता न घेता. तेल आता विकतचं, म्हणालात. झाडं वाळली. गाडीतून दिसलेली ऑलिव्हची करडी, बोडकी झाडं तेव्हा मला उमगली. 2013 मध्ये गाल्लीपोलीकडे पहिल्यांदा सापडलेल्या झायलेला जिवाणूनं सालेंतोतल्या, म्हणजे या टाचेतल्या, बागा खाल्ल्या. तुम्ही बोटांवर झाडं मोजायला लागलात आणि मध्येच थांबलात.

मग सेंट पॉलच्या चॅपलचं सांगितलंत. ‘कोळी चावलेल्या बायका’ असं फोननं भाषांतर केलं, मला अर्थबोध होईना. तेव्हा तुम्ही बसल्या बसल्या मान घुमवलीत, हात मोकळे सोडलेत. अंगात येणं! कोळी चावला या समजुतीनं घुमणाऱ्या, शेतात राबणाऱ्या बायका; उतारा म्हणून व्हायोलिन, डफ, दिवसरात्र नाच, आणि 29 जूनला, सेंट पॉलच्या सणाला, चॅपलच्या विहिरीचं पाणी. 1959 मध्ये इटालियन मानववंशशास्त्रज्ञ एर्नेस्तो दे मार्तीनो हेच अभ्यासायला आले होते. तुम्ही तेव्हा लहान होतात, आईनं डोळ्यांवर हात ठेवला, बोटांच्या फटीतून पाहिलंत. आमच्याकडे देवळाबाहेर घुमणाऱ्या बायका मीही तशाच फटीतून पाहिल्यात.

नार्दो राहिलं, गाल्लीपोली राहिलं. तुम्ही पेंगलात, मीही पेंगले. आजवर कुणा परक्याच्या दारात मला झोप लागली नव्हती. त्या झोपेसाठी, आजी, मनापासून आभार.

निघताना वर्तमानपत्रात बांधून दिलेल्या चार फ्रीसा पुण्याला पोचल्या, दोन मोडल्या. सात मोजून भिजवायचं मी सासूबाईंना नीट समजावलं होतं. त्यांनी ती चहात बुडवली आणि म्हणाल्या, ‘टोस्ट बरा आहे, जरा शिळा दिला तुला.’ तेवढं माफ करा.

तुमची,
एकटीच आलेली