तुफ्याची खुशाली

माहीम, मुंबई
२० सप्टेंबर

प्रिय नंदे,

तुझा मेसेज आला तेव्हा आमचा ग्रेहाउंड कुत्रा तुफ्या पंख्याखाली उताणा, चारी पाय छताकडे करून झोपला होता. ‘आदित्यला शर्यतीतून निवृत्त झालेला ग्रेहाउंड घ्यायचाय, तू काय म्हणतेस? खरं सांग.’ मी दोनदा उत्तर टाइप केलं, दोनदा पुसलं. अंगठ्याने लिहायचं हे प्रकरण नाही, म्हणून वही काढली. तू वाच आणि मग आदित्यच्या हातात दे.

सगळ्यांना वाटतं, ताशी साठ-पासष्ट किलोमीटरने पळणारं जनावर म्हणजे दिवसभर घर डोक्यावर घेणार. अगं, हा दिवसातले सतरा-अठरा तास झोपतो. सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास फिरवून आणला की साहेबांची ड्यूटी संपली. भुंकला तर महिन्यातून एकदा. पंजाबात गावोगावच्या खेळांत ह्या कुत्र्यांच्या शर्यती लागतात, आणि पळणं मंदावलं की पोसायला कोणी तयार नसतं. तिथून सोडवून आणणाऱ्या मुलांकडून तो आमच्याकडे आला, मागच्या वर्षी मार्चमध्ये. वय अंदाजे साडेचार, वजन २९ किलो, कागदावर नाव तुफान. ह्यांनी आठवड्यात त्याचं तुफ्या केलं, कारण तुफान म्हणून हाक मारली की जिन्यातली पोरं हसायची.

तर जिना. आमची जुनी बिल्डिंग तुला माहीत आहे, तिसरा मजला, लिफ्टचा पत्ता नाही. पहिल्या पायरीशी तो जो थिजला तो थिजलाच. जन्मात जिना पाहिलेला नव्हता. ह्यांनी पुढून आणि वॉचमनने मागून धरून ५४ पायऱ्या वर आणला. दुसऱ्या दिवसापासून मी त्याच्या मागे बसून एकेक पंजा उचलून वरच्या पायरीवर ठेवायचे, पाटीवर पोराचा हात धरून गिरवून घेतात ना, तसं. चढायला चार दिवसांत शिकला. उतरायला मात्र नऊ दिवस घेतले, आणि दहाव्या दिवशी एका दमात धडधडत खाली जाऊन माझी वाट बघत उभा राहिला, जणू उशीर मीच केला! लादीवर पाय घसरायचे म्हणून घरभर सतरंज्यांचे रस्ते केले होते. आरशातल्या कुत्र्याला बघून शेपूट हलवायचा. गणपतीच्या ढोल-ताशाला कानसुद्धा हलवला नाही, पण कुकरची शिट्टी झाली की थेट बाथरूममध्ये. अजूनही. आपल्याला वाटतं कुत्र्याला घर उपजतच कळतं. ह्याला घर शिकवावं लागलं.

आता तब्येतीचं. हे सविस्तर लिहिते, कारण इथेच आम्ही सगळ्यात जास्त चुकलो. आमच्या घरात एक प्रश्न रोजचा होऊन बसलाय: हे दुखणं, की ह्याची जातच अशी?

आल्यावर महिनाभराने जवळच्याच एका दवाखान्यात नेलं. काही झालं नव्हतं, सहज तपासणीला. मांड्यांच्या मागचे केस गेलेले, दिवसभर झोपतो असं मी सांगितलं, म्हणून डॉक्टरांनी रक्त काढलं. रिपोर्टमध्ये प्लेटलेट सव्वा लाख, थायरॉइडचा आकडाही खाली. त्यांनी गोचीड तापाच्या गोळ्या दिल्या आणि थायरॉइडची गोळी जन्मभर घ्यावी लागेल म्हणाले. मुंबईत ‘प्लेटलेट’ शब्द उच्चारून बघ तू! संध्याकाळपर्यंत सगळ्या मजल्यांना कळलं होतं. समोरच्या वहिनी पपईच्या पानांचा रस काढून घेऊन आल्या, त्यांच्या मुलाच्या डेंग्यूला तोच लागू पडला होता म्हणे. तुफ्याने वाटीचा वास घेतला आणि माझ्याकडे असं काही पाहिलं की मी तो रस गुपचूप कुंडीत ओतला.

मग कुणीतरी परळच्या एका जुन्या डॉक्टरांचं नाव सुचवलं. त्यांनी रिपोर्टआधी कुत्रा बघितला. हिरड्या दाबून पाहिल्या, छातीला बराच वेळ नळी लावली, आणि मग रिपोर्ट हातात घेऊन म्हणाले, “हा आजारी कुत्र्याचा नाही, ग्रेहाउंडचा रिपोर्ट आहे.” ह्या जातीचं रक्तच वेगळं असतं. तांबड्या पेशी इतर कुत्र्यांपेक्षा जास्त (तुफ्याच्या रक्तात त्यांचा वाटा ५८ टक्के होता), प्लेटलेट कमी, थायरॉइडही कमी. हृदयसुद्धा अंगाच्या मानाने मोठं. मांड्यांचं टक्कलही ह्यांच्यात नेहमीचं. गोचीड तापाची तपासणी त्यांनी तरीही करून घेतली, ती निगेटिव्ह आली. दोन्ही गोळ्या बंद. आणि म्हणाले, हा रिपोर्ट फेकू नका, हा कुत्रा धडधाकट असतानाचा कागद आहे, प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवा.

मी तो रेशनकार्डाबरोबर ठेवला. आणि ऑगस्टमध्ये तोच उपयोगी पडला. पावसात गवत वाढलं की गोचिड्यांना ऊत येतो. रोज कानात, बोटांच्या फटीत बघायचे मी, तरी एखादी राहून जात असणार. एका सकाळी त्याने दुधभाताकडे पाठ फिरवली. दुपारी नाकातून रक्ताचा एक थेंब लादीवर पडला. तेव्हा ‘जातच अशी’ म्हणून गप्प बसले असते तर आज हे पत्र लिहीत नसते. प्लेटलेट २८ हजार. जुना कागद समोर ठेवल्यावर डॉक्टरांना क्षणभरही विचार करावा लागला नाही. खरा गोचीड ताप होता तो. डॉक्सीसायक्लिन ह्या अँटिबायोटिकच्या गोळ्या २८ दिवस, तुपात बुडवलेल्या चपातीच्या तुकड्यात लपवून. तिसऱ्या दिवशी त्याने कुकरला घाबरून बाथरूम गाठलं तेव्हा ह्यांनी चक्क टाळी वाजवली.

आदित्यला बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, पण कुत्रा चांगला असताना एकदा रक्त तपासून तो कागद जपून ठेवायला सांग.

दुसरी कथा लंगडण्याची. ह्या फेब्रुवारीत उजवा पुढचा पाय उचलून चालायला लागला. मी इंटरनेटवर वाचलं, ते वाचायला नको होतं. ग्रेहाउंडमध्ये हाडाचा कॅन्सर इतर जातींपेक्षा जास्त आढळतो, आणि सुरुवात अशीच, लंगडण्याने होते. एक्स-रे दुसऱ्या दिवशी सकाळी होता. त्या रात्री आम्ही दोघंही झोपलो नाही, हे बाल्कनीत, मी तुफ्याजवळ. एक्स-रे स्वच्छ निघाला. मग डॉक्टरांनी विचारलं, “कुठे जास्त लंगडतो?” मी विचारात पडले, आणि मग लक्षात आलं, गल्लीतल्या सिमेंटवर लंगडतो, शिवाजी पार्कच्या मातीत जवळजवळ नाहीच. त्यांनी पंजा ओला केला आणि तळव्याच्या गादीवर अंगठा फिरवला. मधोमध तांदळाच्या दाण्याएवढा गोल, फिकट, कडक ठिपका. कुरूप! माझ्या आईच्या टाचेला असायचं तेच. ह्या जातीला पंजाच्या गादीत कुरूप होतं, दगडावर चालल्यासारखं टोचत राहतं. त्यांनी ते कोरून काढलं, दीड महिन्याने पुन्हा आलं, पुन्हा काढलं. आता मी रोज रात्री खोबरेल तेल चोळते आणि सिमेंटवर चालताना मोजा घालते. सकाळी साडेपाचला एका पायात मोजा घालून निघालेला कुत्रा बघून दूधवाला अजून हसतो. हसू दे. पण कुरूप असेल म्हणून एक्स-रे टाळायचा नाही, हे आदित्यला बजावून सांग.

दात वाईटच असतात ग्रेहाउंडचे, तुफ्याचे मे महिन्यात सात काढावे लागले. तेव्हा भुलेचा प्रश्न. अंगावर चरबी नाही, आणि काही जुन्या पद्धतीची भुलेची औषधं ह्यांचं लिव्हर सावकाश उतरवतं, त्यामुळे कुत्रा शुद्धीवर यायला फार वेळ लागतो. म्हणून भूल देणाऱ्याला आधीच विचारायचं, ग्रेहाउंडला दिली आहे का कधी? विचारायला लाजायचं नाही. शिवाय कापाकापीनंतर ह्यांच्यात कधी कधी एक-दोन दिवसांनी रक्त यायला लागतं, त्यासाठीही डॉक्टरांनी गोळ्या देऊन ठेवल्या होत्या.

कातडी कागदासारखी. कपाटाच्या हँडलला घासला आणि चार टाके. शेपटीचं टोक आनंदाच्या भरात दाराच्या चौकटीवर आपटून फुटतं आणि भिंतीवर रंगपंचमी. बरगड्या दिसणारच. ‘खायला घालत नाही का हो?’ हे आता मी ऐकून सोडून देते. तुझ्या बाबांची हरणी आठव ना, कारवान जातीची शिकारी कुत्री, तिच्याही तीन बरगड्या मोजता यायच्या आणि जतच्या माळावर तिच्या तोडीचं कुणी पळायचं नाही. तुला हे नव्याने सांगायला नको, पण आमच्या वॉचमनला कोण सांगणार? तो लपून ग्लुकोजची बिस्किटं चारतो.

हरणीसारखंच दुसरंही आहे. ससा असो, मांजर असो, पळणारं काही दिसलं की डोळ्यांत दुसराच कुणी येतो. माहीम कोळीवाड्याच्या बाजूला मासळी असते म्हणजे मांजरं आलीच. पहिल्याच महिन्यात एक बोका टोपलीमागून निघाला आणि मी दोन ढांगांत रस्त्यावर आडवी. कोपर सोललं, पट्टा सोडला नाही एवढंच. साधा पट्टा ह्यांच्या गळ्यात राहत नाही, कारण डोकं मानेपेक्षा बारीक. ओढला की आवळणारा पण गळा न दाबणारा मार्टिंगेल पट्टा मिळतो, तो आणि छातीचा हार्नेस, दोन्ही लावते. मोकळं सोडायचं नाही, कधीच नाही, मैदान कितीही रिकामं दिसलं तरी. एकदा सुटला तर तो धरायला महालक्ष्मी रेसकोर्सच्या घोड्यावर बसावं लागेल.

आता जे लिहायला जड जातंय ते. दिवाळीत माझा नातू आला होता, पाच वर्षांचा. तुफ्या डोळे उघडे ठेवून झोपतो, बरेच ग्रेहाउंड झोपतात. पोराला वाटलं जागा आहे, आणि गेला गळ्यात पडायला. एक गुरगुर, एक झटका, आणि नातवाच्या गालावर दाताची लांब तांबडी रेघ. कातडी फुटली नव्हती. माझ्या सुनेचा चेहरा पांढरा पडला. तुफ्या स्वतः इतका घाबरला होता की कोपऱ्यात जाऊन थरथरत उभा राहिला. खुराड्यात एकटा झोपणारा कुत्रा, झोपेत त्याला आजवर कुणी हात लावलेला नसतो. सुनेला त्या दिवशी हे सांगण्यात अर्थ नव्हता, मी सांगितलंही नाही. आता त्याची गोधडी कोपऱ्यात आहे, तिकडे कुणी जायचं नाही, आणि हात लावण्याआधी हाक मारायची, कान हलला तर पुढे. नातू आता लांबूनच “तुफ्या, उठला का रे?” विचारतो. सून अजून बारीक लक्ष ठेवते, आणि ठेवावंच. आदित्यच्या घरी लहान मूल आहे. निर्णय त्याचा, पण हे माहीत असताना घ्यावा.

एकटा राहायलाही शिकवावं लागलं. झोपायला खुराडं वेगळं, पण आधी आयुष्यभर चार कुत्र्यांच्या मधे राहिलेला. आम्ही लग्नाला गेलो तर तीन तास असा रडला की शेजाऱ्यांचा फोन हॉलवर आला. मग मी पर्स घेऊन जिन्याच्या वळणापर्यंत जायची, परत यायची. दोन मिनिटं, पाच, दहा. रेडिओ लावून ठेवायचा. आता दोन तास राहतो.

पाऊस त्याला मंजूर नाही. अंगावर केस बेताचे, भिजला की कुडकुडतो. बाजारातला रेनकोट बसेना, छाती खोल आणि कंबर मुठीएवढी. शेवटी माझ्या ब्लाउजच्या टेलरने कंबरेला टक्स घालून शिवून दिला. माप घेताना म्हणाला, “बाई, असं फिटिंग माणसाला येत नाही.”

आदित्यला पुण्याहून एकदा इकडे पाठव. दोन दिवस राहू दे, रात्री तुफ्याचं घोरणं ऐकू दे आणि सकाळी मोजा घालू दे. आणि तुझ्याकडे जुन्या साड्यांच्या गोधड्या असतील तर दोन-तीन त्याच्याबरोबर दे. लादीवर ह्याची कोपरं घासून काळी पडलीत, विकतच्या गाद्या तो पायाने गोळा करून बाजूला सारतो.

तुझी,
सुमी

ता.क. तुमच्या वाड्याला माडी होती ना? हरणी जिना चढायची का गं, की ती पण खालीच झोपायची? आठवलं तर कळव. इथे आमचा ह्यांच्याशी वाद चाललाय.