चेखव कोणत्या भाषेतून आला, तेवढं छापा

संपादक महोदय,

गेल्या रविवारी पुण्यातल्या एका पुस्तक प्रदर्शनात रशियन कथा-कादंबऱ्यांचे सहा मराठी अनुवाद चाळले. अनुवादकाचं नाव सगळ्यांवर होतं. अनुवाद रशियनवरून केलाय की इंग्रजीवरून, हे मात्र एकाच पुस्तकात सांगितलेलं होतं. त्यासाठी हे पत्र.

मी रशियन साहित्यात पीएच.डी. करते आणि संध्याकाळी तासिका तत्त्वावर रशियन शिकवते. वडील एसटीत कंडक्टर होते. कराडच्या आमच्या घरी मॉस्कोत छापलेली, रंगीत चित्रांची मराठी पुस्तकं होती. वडिलांनी विद्यार्थी असताना थोड्या पैशांत घेतलेली. १९९१ साली सोव्हिएत संघ संपला, माझा जन्म त्यानंतरचा. मी ती पुस्तकं शिवण उसवलेल्या अवस्थेतच वाचली. बारावीनंतर पुण्यात आले, आधी रशियनचं सर्टिफिकेट, मग डिप्लोमा, मग एम.ए.

पहिल्या वर्षी जे पाहून हरखले होते, ते आता मी वर्गात पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिते. रशियनमध्येही तीन लिंगं आहेत. 'तो आला', 'ती आली' म्हणताना आपल्यासारखंच क्रियापद बदलतं. 'मला थंडी वाजते' मधला 'मला' तिथेही तसाच येतो. आणि 'तू'ला 'ति', 'तुम्ही'ला 'वि'. इंग्रजीत मात्र दोन्हींना एकच शब्द.

या 'ति' आणि 'वि'चं वजन मला कळलं ते मॉस्कोत. पुश्किन रशियन भाषा संस्थेत दहा महिने होते. रशियन कथाकार चेखवची १८९९ची, छोटं कुत्रं घेऊन फिरणाऱ्या बाईची कथा आम्ही वाचत होतो. मला ती मराठीतून आणि इंग्रजीतून जवळजवळ पाठ होती. याल्टाच्या हॉटेलातल्या खोलीचा प्रसंग आला आणि शिकवणाऱ्या बाईंनी मला तो दोनदा मोठ्यानं वाचायला लावला. तुम्हीच आता मला मान देणार नाही, असं कथेची नायिका आन्ना म्हणते, 'वि' म्हणते. तिचा प्रियकर गुरोव टेबलावरचं कलिंगड कापून सावकाश खातो. अर्धा तास कुणी बोलत नाही. मग तो विचारतो, मी का बरं तुझा मान ठेवणार नाही? इथे 'ति' आहे. खोलीवर येण्यापूर्वी तोही तिला 'वि'च म्हणत होता. पुढे कित्येक महिन्यांनी थिएटरच्या जिन्यात भेट होते, तेव्हाही ती 'वि'च म्हणते. मी लहानपणापासून वाचलेल्या मराठी अनुवादात दोघंही पहिल्यापासून 'तू' म्हणतात. अनुवादकाची काय चूक? त्यांच्यासमोरच्या इंग्रजी पानावर हे काही नव्हतंच.

मात्र मूळ रशियन समोर असलं की सगळं सोपं होतं, असंही नाही. गेल्या वर्षी मी हा प्रसंग माझ्या मराठीत वर्गाला वाचून दाखवला. ती 'तुम्ही', तो 'तू'. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, हे तर माझ्या आई-बाबांसारखं बोलतायत." खरंच की! चेखवनं जिथे दुरावा ठेवला, तिथे आपल्या कानाला संसार ऐकू येतो. त्या दिवशी तास संपून गेला तरी आम्ही बसून होतो. 'अहो' टाळायचं का? तिच्या तोंडी नुसतं 'आपण' चालेल का? त्या वर्गातले बरेच जण रशियात वैद्यकीय शिक्षणाला जाणारे होते, त्यांना साहित्याशी कर्तव्य नव्हतं. त्या तासाला मात्र एकही उठला नाही.

अनुवादात असे निर्णय घ्यावे लागतात. कुणीतरी मूळ वाक्यासमोर बसल्याशिवाय ते सुचतच नाहीत. रशियन येणारी मराठी मुलं आहेत. आम्ही ती दरवर्षी तयार करतो. पण एका प्रकाशकांनी मला तोंडावर सांगितलं, "इंग्रजीवरून निम्म्या पैशांत होतं, वाचकाला कुठे कळतंय?" वाचकाला कळावं म्हणूनच सांगते आहे.

माझी मराठी प्रकाशकांना एकच विनंती आहे. आतल्या पानावर, अनुवादकाच्या नावाखाली, 'मूळ रशियनवरून' किंवा 'इंग्रजीवरून' एवढं छापा. इंग्रजीवरून केलेल्या अनुवादानं कुणाचा मान कमी होत नाही. तसलेच अनुवाद वाचून मी या वाटेला लागले. आणि वाचकांनी विकत घेताना विक्रेत्याला विचारावं, हे कशावरून केलंय? मी रविवारी विचारलं. त्यांनी पुस्तक उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "ताई, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं."

– रशियन साहित्याची एक संशोधक विद्यार्थिनी, पुणे