403 चं खरं कारण लॉगमध्ये

संपादक महोदय,

हापूसचा हंगाम आला की देवगड-रत्नागिरीच्या बागायतदारांच्या वेबसाइटवर ऑर्डरचे फॉर्म सुरू होतात, आणि साइट जँगोवर (पायथन भाषेतल्या वेब-चौकटीवर) बांधलेली असेल तर कधी कधी ऐन मोक्याला ‘सीएसआरएफ व्हेरिफिकेशन फेल्ड’, 403 असा संदेश झळकतो, म्हणजे फॉर्म परक्या साइटवरून तर आला नाही ना ही तपासणी फसली आणि विनंती नाकारली गेली. मग टेम्प्लेटमध्ये (पानाच्या साच्यात) टोकनची, म्हणजे फॉर्म आपलाच असल्याच्या गुप्त खुणेची, शोधाशोध. टोकन बहुधा जागेवरच असतं!

भानगड पुढच्या सर्व्हरवर असते. हा पुढचा सर्व्हर, बहुधा एनजिनएक्स, ब्राउझरचं सुरक्षित एचटीटीपीएस स्वतःपाशी संपवतो आणि जँगोकडे साधं एचटीटीपी पाठवतो. डिसेंबर 2021 मध्ये आलेल्या 4.0 आवृत्तीपासून जँगो ब्राउझरचा ‘ओरिजिन’ हेडर (विनंती कोणत्या पत्त्यावरून आली ते सांगणारी नोंद) तपासतो. एकीकडे एचटीटीपीएस, दुसरीकडे एचटीटीपी, म्हणून नकार. एनजिनएक्समध्ये मूळ विनंती एचटीटीपीएसची होती हे कळवणारा ‘एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो’ हेडर भरावा आणि जँगोने तो मानावा म्हणून त्याच्या सेटिंग्जमध्ये ‘सिक्युअर प्रॉक्सी एसएसएल हेडर’ लिहावा. नाहीतर ‘सीएसआरएफ ट्रस्टेड ओरिजिन्स’च्या यादीत साइटचा पत्ता एचटीटीपीएससकट द्यावा, नुसतं डोमेन 4.0 पासून चालत नाही.

403 च्या त्या पानाच्या तळाशी ‘डीबग ट्रू केल्यास अधिक माहिती’ अशी ओळ असते. हे तर निव्वळ आमिष. चालू साइटवर डीबग (चुका शोधण्यासाठी सगळा तपशील दाखवणारी सेटिंग) उघडा ठेवला, की पुढच्या चुकीला कोडचे तुकडे, फाइलींचे मार्ग आणि बऱ्याचशा सेटिंग्ज कोणाही पाहुण्याला दिसतात. सेटिंग्जमध्ये लॉगिंगची सोय केलेली असेल, तर नकाराचं कारण ‘जँगो डॉट सिक्युरिटी डॉट सीएसआरएफ’ या लॉगरकडून (नोंदी ठेवणाऱ्या भागाकडून) लॉगमध्ये एका ओळीत नोंदलं जातं. कोकणातल्या संगणकवर्गांनी ती ओळ वाचायला पहिल्याच आठवड्यात शिकवावं.

— एक वेब-प्रोग्रॅमर, रत्नागिरी