सिलिंडरवरची तारीख बघ

चि. सोनू,

अनेक आशीर्वाद.

रविवारी तू मधेच फोन ठेवलास. तेव्हापासून आई माझं ताट वाढून आत निघून जाते, समोर बसत नाही. ‘पैशाची किंमत कळत नाही तुला’ असं मी म्हणालो, ते चुकलंच. मेसचा रात्रीचा डबा बंद करून तू नेमबाजीचे छर्रे विकत घेतेस, हे मला दादाकडून नंतर कळलं. फोनवर मला नीट बोलता येत नाही, म्हणून कागद घेतला.

तू घ्यायची म्हणतेस त्या वापरलेल्या जर्मन एअर रायफलचे फोटो कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत मोठे करून पाहिले. काम देखणं आहे. तीस वर्षं लेथवर गेली माझी, ॲल्युमिनियमवरचं असं फिनिश मला ओळखू येतं. नळी, ट्रिगर, नेम धरायची साइट यांबद्दल मी काही बोलणार नाही, ते तुझे सर बघतील. माझा जीव फक्त त्या खालच्या नळकांड्यात, दाबाची हवा भरायच्या सिलिंडरमध्ये, अडकला आहे. सिलिंडरवर महिना आणि वर्ष कोरलेलं असतं ना, तेवढं एका फोटोत दिसत नाही. प्रत्येक फोटोत तीच बाजू खाली गेली आहे.

ते राहू दे. आधी बाकीचं लिहितो.

नवी परदेशी रायफल काही लाखांची, ती आपण धरायचीच नाही. दुकानात मिळते ती नळी खाली वाकवून भरायची स्प्रिंगची बंदूकही नको. त्यात छर्रा नळीतून सुटायच्या आतच पिस्टन पुढे आदळतो आणि बंदूक हलते. दहा मीटरवरच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. मी मायक्रॉमीटरवर अर्धा मिलिमीटर रोज बघतो, तेव्हा कळतं तुम्ही कशाच्या मागे आहात ते. म्हणजे उरल्या दोन वाटा : आपल्याकडेच बनणारी, प्रीसीहोलसारख्या देशी कंपनीची दाबाच्या हवेवरची नवी रायफल, नाहीतर ही वापरलेली जर्मन. देशी म्हणून नाक मुरडू नकोस. नवी असली की सिलिंडरही नवा असतो.

आणि रायफल अंगाला बसली पाहिजे. तुझी मान लांब, थेट आजीची. गाल ठेवायचा तुकडा वर चढत नसेल तर तू मान खाली घालून साइटमधून बघशील, आणि साठ शॉट होईपर्यंत खांदा भरून येईल. तू डावरी आहेस हे विकणाऱ्याला सांगितलंस का? उजव्या हाताची ग्रिप काढून डावी घालायची तर ती वेगळी विकत घ्यावी लागते. आठवतंय, जोतिबाच्या यात्रेत फुगेवाला तुझ्या हातातली बंदूक ओढून उजव्या खांद्याला लावत होता, आणि तू सहा वर्षांची पोर परत डाव्या खांद्याला नेत होतीस. पहिले तीन छर्रे वाया गेले. चौथ्याला फुगा फुटला, मग फुटतच गेले. मला वाटलं नशीब. घरी येताना एसटीत तू सांगितलंस, ‘बाबा, ती बंदूक डावीकडं मारती, मी शेजारच्या फुग्यावर धरत होतो.’ नळी वाकडी होती. मी टर्नर असून माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्या दिवशी आई देवापुढे काय बोलली ते मी कधी तुला सांगितलं नाही, आणि आताही सांगत नाही.

पण ऐक. तू जन्मायच्या आधी मी ज्या शेडमध्ये होतो, तिच्या शेजारी कॉम्प्रेसरची टाकी फुटली होती. बाहेरून ताजा निळा रंग दिलेला. आत रोजचं पाणी साचून पत्रा गंजून पापडासारखा झालेला. पाणी सोडायचा कॉक कोणी उघडतच नव्हतं. बापूकाकांचा डावा कान गेला तो तेव्हाच. तू लहानपणी विचारायचीस, काका मान वळवून का ऐकतात. ती टाकी आठ-दहा बार दाबाची होती. तुझ्या सिलिंडरमध्ये भरल्यावर दोनशे बार असतात, आणि तो तुझ्या गालापासून वीतभर अंतरावर असतो. सिलिंडर लहान असतो, रायफलवाले काळजी घेतात, सगळं कबूल. पण बनल्यापासून दहा वर्षांची मुदत सिलिंडर बनवणाऱ्यांनी उगाच घातलेली नाही. ‘अजून दोन वर्षं आरामात चालतो’ असं विकणारा म्हणाला, ते मला रात्री दोन वाजता आठवतं. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेच्या तपासणीतही चालत नाही आणि त्याची जबाबदारी खेळाडूचीच असते, हे तर तूच मला मागे सांगितलं होतंस.

परत तेच लिहायला लागलो. रागावू नकोस.

मुदत संपली असली तरी रायफल वाईट ठरत नाही. त्याच मॉडेलचा नवा सिलिंडर वेगळा मिळतो. त्याची किंमत काढ, ती विकणारा सांगतो त्या एक लाख दहा हजारांमधून वजा करून माग, आणि जुना त्यालाच ठेवू दे. हातपंपाने हवा भरणार असशील तर पंपातला ओलावा धरणारा फिल्टर बदलत जा, पावसाळ्यात जास्तच. पाणी आत गेलं की पुढे काय होतं ते वर लिहिलंच आहे. ४.५ मिमीची, वीस ज्यूल ताकदीच्या आतली एअर रायफल असली की परवाना लागत नाही हे खरं, पण बिलावर नंबर लिहून घे आणि त्याची एक प्रत केसमध्येच ठेव. वसतिगृहावर, एसटीत कोणी विचारलं तर दाखवता येईल.

सगळे पैसे रायफलीत घालू नकोस. पाचशे छर्र्यांचा डबा, रोज ऐंशी मारलेस तर आठवडाभरसुद्धा पुरत नाही. रायफल भारीतली आणि छर्रे मोजून मारायचे, यात तुझं नुकसान आहे. त्यासाठी वेगळे ठेवले आहेत. ते कुठून आले हे आईला विचारू नकोस, तिची भिशी या महिन्यात लागली एवढंच.

१ ऑगस्ट २०२४ ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेचं पॅरिस ऑलिंपिकमधलं नेमबाजीचं ब्राँझ आम्ही शेडमध्ये एका मोबाइलवर दहा जणांनी पाहिलं. मशिनं बंद ठेवली होती, मालकही उभा होता. कोणीतरी म्हणालं, तुमची पोरगीपण हेच करते ना? मी हो म्हणालो आणि बाहेर जाऊन तोंड धुतलं. तू कुठवर जाशील हे मी कधी विचारलं नाही, विचारणारही नाही. मला तू दोन्ही कानांनी, दोन्ही डोळ्यांनी धड हवी आहेस.

छर्रे हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नकोस, ते शिसं असतं. लहानपणापासून हात न धुता चिवड्याच्या डब्यात घालतेस.

या रविवारी सुट्टी काढली आहे. पहिल्या गाडीने येतो, टॉर्च आणि व्हर्निअर घेऊन. दोघं मिळून जाऊ, विकणाऱ्याशी तू बोल, मी मध्ये बोलणार नाही. तोपर्यंत विसार देऊ नकोस. आईने खर्डा आणि भडंग बांधून ठेवलंय, ते येताना आणतो. मेसचा डबा चालू कर.

तुझे,
बाबा

ता. क. सिलिंडर फिरवून त्या महिना-वर्षाचा एक फोटो आजच पाठव. रात्री उशीर झाला तरी चालेल, मी जागा असतो.